निघायला लागणारा वेळ

व्हर्लिन ह्रुष्का माझ्या गॅरेजात येतो
तो नेमका जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये.
किल्ली डब्याशेजारी ठेवतो. टोपी काढत नाही.
"निघतच नाही गं आर्लिस."
"पळते ना?"
"पळायला लागली की पळते. निघत नाही."

त्याच्या कुरणाची वाट वीस नंबरच्या हायवेला मिळते
तिथे थांब्याची पाटी आहे, छर्र्यांनी चाळण झालेली,
आणि डावीकडून गुरांचे ट्रक येतात.
परवा मागे गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर होता.
पाय तळाला टेकला, इंजिन ओरडलं,
आणि पिकअप, सभेत बोलायला उठलेल्या म्हाताऱ्यासारखी,
आधी गुडघेच चाचपत राहिली.
ट्रकवाल्याचा भोंगा अजून त्याच्या कानात असावा.
तसं तो सांगत नाही. कान खाजवतो.

घरी करता येईल ते करून झालेलं.
फिल्टर नवा; जुन्यात उंदरानं मका साठवलेला.
आठही स्पार्कप्लग नवे.
थ्रॉटलची झडप टूथब्रशनं घासली, बायकोच्या.
पेडलच्या वायरीत खोचायची एक डबी मागवली,
तिनं पाय चलाख झाला, गाडी होती तशीच.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

मी उकिडवी बसले, टेप लावली.
पस्तीस इंच. कारखान्यातून आली तेव्हा बत्तीस होते.
"हे टायर कुणी घातले?"
"कोल्टननं. जाताना."
मग बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर बोलत होता.

म्हटलं, भरलेली बादली अंगाशी धरून उचल,
मग हात लांब करून उचल. तेच झालंय.
जुने टायर लाव, फुकटात काम होईल,
तुझ्या गोठ्यामागे पडलेत, मला माहीत आहे.
नाहीतर डिफरन्शियलचे गिअर बदल,
तीन पंचावन्न काढून चार दहा,
पुढचे आणि मागचेही, कारण एकच बदललास
तर बर्फात चारही चाकं जोडताच घरातच भांडण.
अडीच हजार डॉलर.

तो टायरांकडे बघत राहिला.
मला वाटलं, वासरं मोजतोय.
"गिअर," म्हणाला.

दातांना पिवळा रंग लावायचा, फिरवायचं,
कोण कुणाला कुठे टेकतं त्याचा ठसा बघायचा,
कागदाएवढी चकती सरकवायची, पुन्हा फिरवायचं.
चौथ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला.
दोन नवऱ्यांबरोबर मला हे जमलं नव्हतं.

शेवटी लॅपटॉप लावून स्पीडोमीटर सरळ केला.
तीन हिवाळे काटा खोटं सांगत होता:
साठ दाखवायचा तेव्हा पासष्टच्या वर असायची.
मैलसुद्धा कमी मोजलेले.
निघता न येणारा हा माणूस
वाटलं त्यापेक्षा जोरात, वाटलं त्यापेक्षा लांब
जाऊन आलेला.
हे सांगितलं तर म्हणाला,
"तरीच विलिस्टन जवळ वाटायचं."
तेलाच्या विहिरींपर्यंत कितीदा गेलास,
आणि फाटकातूनच कितीदा परतलास,
मी विचारलं नाही.

बजावलं: पहिले पाचशे मैल सांभाळून.
ट्रेलर जोडायचा नाही. पाय दाबायचा नाही.
वीस मैल झाले की थांबायचं, थंड होऊ द्यायची.
"बळ देतेस आणि वापरू नको म्हणतेस."
"दात नवे आहेत. एकमेकांची ओळख होऊ दे."
"पाचशे," तो पुटपुटला,
जशी एखादी किंमत त्याच्या खिशाला बरोबर बसावी.

गाडी निघाली. टोपी एकदम मागे गेली,
ती त्यानं एका हातानं धरली.
रस्त्याशी येऊन थांबला. दोन्हीकडे कुणी नव्हतं.
थांबूनच राहिला.

मग डावीकडे वळला.
त्याचं घर उजवीकडे आहे.

डबा उघडला तर सूप गार झालेलं.
घड्याळ बघून मी वीस मैल मोजत बसले.